ख्रिस्तात आपली किंमत आणि पाचारण : तरुण संघासाठी चार रविवारांचा अभ्यास कसा बसवावा?

संघसचिव_नगर

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत तरुण संघाला वीस-बावीस जण नियमित येतात, वय अठरा ते सव्वीस. काही कॉलेजात, काही स्पर्धा परीक्षेच्या मागे, काही नुसतेच घरी. दोघी-तिघींचं लग्न जमत नाही म्हणून घरात रोज बोलणी. पाळकसाहेबांनी चार रविवार दिलेत, उपासनेनंतर प्रत्येकी दीड तास. विषय : ख्रिस्तात माझी किंमत काय आणि देवाने मला कशासाठी ठेवलंय.

अडचण अशी की हा विषय शिबिरांत दरवर्षी होतो. वक्ता स्तोत्र १३९ आणि यिर्मया २९:११ (तुमच्या हिताचे, आशा देणारे संकल्प माझ्याकडे आहेत, असं देव म्हणतो ते) वाचतो, 'तू खास आहेस' म्हणतो, शेवटच्या रात्री रडारड होते आणि सोमवारी सगळं जिथल्या तिथे. या वेळी उतारे कुठले, कुठल्या क्रमाने, गटात काय करून घ्यायचं आणि कुठे घसरायला होतं, हे नेमकं हवंय. पवित्र शास्त्राशिवाय दुसरं पुस्तक विकत घ्यायला लावता येणार नाही.

शब्बाथशाळा_मास्तर

सलाम. यात अर्धं काम क्रमाचं आहे, म्हणून आधी त्याचं बोलतो.

शिबिरांत किंमत आणि उद्देश एका दमात सांगून टाकतात : देवाची तुझ्यासाठी मोठी योजना आहे, म्हणून तू मोलाचा. ऐकायला बरं वाटतं, पण यात किंमत योजनेच्या खुंटीला टांगली जाते. परीक्षा निघाली नाही, योजना काही दिसेना, की किंमतही गेली. इफिसकरांस २:८-१० ही तीन वचनं एकत्र वाचून घ्या. आठ आणि नऊमध्ये तारण कृपेने, कर्मांनी नव्हे. दहाव्यात लगेच सत्कृत्यं, जी करायला देवाने आपल्याला घडवलं. कृत्यं आहेतच, पण ती नंतर येतात. तोच क्रम चार रविवारांना लावा. पहिले दोन निव्वळ किंमतीचे, तिसरा एकमेकांशी असलेल्या नात्याचा, चौथा कामाचा. चौथ्यातलं पहिल्यात ओढू नका, मुलं कितीही विचारोत.

पहिला रविवार : मार्क १:९-१३ आणि त्याला जोडून मत्तय ४:१-११. मार्कात अकराव्या वचनापर्यंत येशूने एकही रोगी बरा केलेला नाही, एक उपदेश केलेला नाही, एक शिष्य बोलावलेला नाही. तरी बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. त्यानंतर लगेच रान. आणि मत्तयात सैतान सुरुवात करतो ती नेमकी याच गोष्टीचा पुरावा मागून : पुत्र आहेस ना, मग धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली आहेत (८:३, ६:१६, ६:१३). एकातही तो स्वतःची कर्तबगारी पुढे करत नाही. यावर प्रत्येकाने एकट्याने पंधरा मिनिटं लिहायचं : माझ्याकडे पुरावा कोण मागतं, आणि कशाचा? परीक्षेतले गुण, पगार, गोरेपणा, लग्न, इंग्रजी. हा कागद कोणी कोणाला दाखवायचा नाही.

एक हुशार पोरगा विचारेलच की ते येशूविषयी होतं, आमचा काय संबंध. उत्तर तयार ठेवा : गलती ४:४-७ आणि रोम ८:१५-१७, दत्तकपण. पुत्र तो एकच, आपण त्याच्यात दत्तक घेतलेले. हे नीट सांगितलं नाही तर 'मीही देवाचा पुत्र' असा भलताच अर्थ घेऊन मुलं घरी जातात.

दुसरा रविवार : लूक १५ अखंड, मुख्यतः त्यातला उधळ्या पुत्राचा दाखला. चौघांचे गट करा आणि एकच काम द्या. धाकट्याने डुकरं राखताना घोकलेलं भाषण (वचनं १८-१९) आणि प्रत्यक्ष बापापुढे बोललेलं (वचन २१) शेजारी शेजारी लिहा. काय गळलं ते शोधा. बारा मिनिटं पुरतात. 'मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा' हे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगून मोकळा. मजूर म्हणून राहण्याचा सौदा बोलून दाखवायलाही बापाने जागा ठेवली नाही. हे गटाने स्वतः शोधून काढलं की टिकतं, तुम्ही सांगितलंत की उडून जातं. म्हणून मध्ये तोंड घालू नका.

इथे नेहमीची चूक म्हणजे सगळा वेळ धाकट्यावर जातो. तुमच्या वीस जणांतले निम्मे थोरले असणार : खुर्च्या लावणारे, कोरसमध्ये गाणारे, कधीही न चुकणारे. वचन २९ मध्ये थोरला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतो आहे. घरातच राहून तोही मजुरीच मोजत होता. नव्वदपैकी तीस मिनिटं थोरल्यासाठी राखून ठेवा आणि घड्याळ लावा.

तिसरा रविवार : १ करिंथ १२:१४-२६. पौल दोन वेगळ्या दुखण्यांवर दोन वेगळी औषधं देतो. पंधराव्यात पाय म्हणतो, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही. एकविसाव्यात डोळा हाताला म्हणतो, तुझी मला गरज नाही. पहिलं न्यूनगंडाचं, दुसरं तोऱ्याचं. शिबिरं फक्त पहिल्यावर बोलतात आणि तोऱ्यावाले सुटतात. शिवाय बाविसावं वचन अशक्त दिसणारे अवयव 'चालतील' असं म्हणत नाही, ते आवश्यक आहेत म्हणतं.

चौथा रविवार : रोम १२:१-८. तिसऱ्या वचनावर थांबा. स्वतःला वाजवीपेक्षा मोठं समजू नका, समंजसपणे माप घ्या. त्यानंतरच सहा ते आठमधली सात कृपादानं, म्हणजे देवाने सेवेसाठी दिलेली दानं : संदेश देणं, सेवा, शिकवणं, बोध करणं, दान देणं, पुढाकार घेणं, दया करणं.

दीड तासाची वाटणी : गीत-प्रार्थना दहा मिनिटं, उतारा मोठ्याने दोनदा वाचन दहा, एकट्याने लिहिणं पंधरा, चौघांत पंचवीस, सगळ्यांत वीस, शेवटी दहा. तुमचं बोलणं सगळं मिळून त्या विसातल्या दहाच्या वर जाऊ देऊ नका. गीतं 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलीच घ्या. ना. वा. टिळकांची पदं त्यात आहेत आणि ती मराठीतच सुचलेली असल्यामुळे तोंडात बसतात. प्रोजेक्टरवरचं भाषांतरित गाणं निम्म्यांना चालीसकट परकं वाटतं.

चिमणी_दमडी

मास्तरांनी लूक १२:६-७ सोडलं, म्हणून भर घालते. मत्तय १०:२९ मध्ये दमडीला दोन चिमण्या. लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वरकड, फुकटात. मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार, आणि दीनाराच्या सोळा दमड्या होत, म्हणजे आधीच सगळ्यांत स्वस्त माल. येशू म्हणतो, त्यांतली एकही देव विसरत नाही. बाजारात जिला काहीच भाव नाही, तीही मोजदादीत आहे.

मात्र चौथ्या वचनापासून वाचा. शरीराला मारणाऱ्यांना भिऊ नका, असं तिथे चाललंय. छळ सोसायला निघालेल्या शिष्यांना दिलेला हा धीर आहे. आरशापुढे उभं राहून म्हणायचं वाक्य तो होत नाही.

संघसचिव_नगर

मास्तर, ताई, मनापासून आभार. तीन गोष्टी अडल्यात. (१) कृपादान ओळखायची शंभर-सव्वाशे प्रश्नांची चाचणी नेटवर मिळते, ती चौथ्या रविवारी घ्यावी का? (२) लोक हिणवायला ठेवतात ती नावं चिठ्ठ्यांवर लिहून शेवटी जाळायची, असं एकाने सुचवलंय. (३) दोन-दोन वर्षं नोकरी नसलेल्यांना 'उद्देश' हा शब्दच टोचतो. त्यांना कुठला उतारा द्यावा? आणि यिर्मया २९:११ पूर्ण टाळू का? मुलांच्या मोबाइलच्या कव्हरवर तेच आहे.

खिळेमोळे

चाचणी नको. तिच्यात माणूस जे आवडतं त्यावर खूण करतो आणि आवडीलाच कृपादान समजतो. रोम १२ आणि १ पेत्र ४:१०-११ मध्ये दान ज्याच्यासाठी आहे तो दुसरा माणूस आहे, तेव्हा ओळखायचं कामही थोडं दुसऱ्यांवर सोडा. शिवाय या चाचण्या बहुधा मोठ्या, पगारी माणसं असलेल्या मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या असतात. आपल्याकडे 'प्रशासनाचं दान' निघालेल्या पोराला द्यायला काही नसतं, मग तो कमिटीवर डोळा ठेवतो.

त्याऐवजी काम द्या. सहा आठवड्यांचं, सुरुवात आणि शेवट ठरलेलं, एकाला एक. शब्बाथ शाळेतला लहान वर्ग. उपासनेनंतर आजारी माणसाकडे दर रविवारी अर्धा तास. साउंडची वायर, माइक, बॅटरी. म्हाताऱ्या आजींना सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढणं. सोबत एक वडीलधारा माणूस नेमा, जो फक्त बघेल. सहा आठवड्यांनी तिघं वीस मिनिटं बसा आणि तीनच गोष्टी विचारा : ज्याच्यासाठी केलं त्याला उपयोग झाला का (त्यालाच विचारून या), कंटाळा आला तरी परत जावंसं वाटलं का, आणि मंडळी आता स्वतःहून तुला बोलावते का. तिन्हींना हो असेल तर त्या दिशेने पुढचं काम. नसेल तर दुसरं काम, आणि हे मुळीच अपयश नाही, असं आधीच सांगून ठेवा. सगळ्यांत जास्त फसतं ते इथे : काम देतात पण शेवटची तारीख देत नाहीत. मग पोरगं ते निमूटपणे सोडून देतं आणि रविवारी यायचंही बंद करतं.

चिठ्ठ्या जाळू नका. रात्री राख झाली तरी सकाळी घरात तेच नाव ऐकू येतं, आणि मुलाला वाटतं आपला विश्वासच कच्चा. आणखी एक धोका : चिठ्ठ्या गोळा करून कोणीतरी 'निनावी' म्हणून मोठ्याने वाचतं. वीस जणांत अक्षर ओळखू येतं.

नोकरी नसलेल्यांसाठी मत्तय २०:१-१६. इथे मात्र सावकाश जा. द्राक्षमळ्याचा धनी मजूर शोधायला पहाटे जातो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला एक तास उरलेला. तेव्हाही माणसं नाक्यावर उभीच. तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? सातवं वचन : कारण आम्हांला कोणी कामावर लावलं नाही. आळशी होतो असं ते म्हणत नाहीत, आणि धनीही त्यांना आळशी ठरवत नाही. दोष बाजाराचा होता, आणि दाखल्यात त्यांचं उत्तर जसंच्या तसं मान्य झालंय. पुढे सगळ्यांना एकेक दीनार, म्हणजे घर एक दिवस चालेल इतकं. गटाला एवढंच विचारा : संध्याकाळी पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभ्या राहिलेल्याला पहाटेच्या माणसाइतकी मजुरी मिळाली, याचा राग कोणाला आला आणि का? चर्चा आपोआप तासभर चालते. अर्थात हा दाखला नोकरी मिळवून देत नाही, तसं भासवूही नका.

यिर्मया टाळू नका, पण चौथ्या वचनापासून चौदापर्यंत पुरं वाचा. ते बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पाठवलेलं पत्र आहे. दहाव्यात सत्तर वर्षं सांगितलीत. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी परत जाणं पाहिलंच नसणार. मग त्यांनी त्या सत्तर वर्षांत करायचं काय, ते पाच ते सातमध्ये आहे : घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात आलात त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. अकराव्या वचनातली 'आशा' कव्हरवर येते आणि मळे मागेच राहतात. उद्देश शोधणाऱ्याला हाच उतारा सगळ्यांत उपयोगी आहे, फक्त कव्हरवर मावत नाही. फिलिप्पै ४:१३ (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो) चंही तेच. अकरा-बारा वाचलं की दिसतं, पौल तिथे भुकेला असणं आणि तृप्त असणं दोन्ही शिकल्याचं सांगतोय, तेही बंधनात असताना. मॅच जिंकण्याशी त्याचा संबंध नाही.

वसईकर

नमस्कार. आमची परंपरा कॅथलिक, पण हे साधन तुमच्या संघालाही चालेल. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी घालून दिलेली दिवसाची तपासणी. रात्री झोपण्याआधी दहा ते पंधरा मिनिटं, क्रम असा : आज मिळालेल्या गोष्टींसाठी उपकार माना, आपलंच आपल्याला खरं दिसावं म्हणून प्रकाश मागा, सकाळपासून दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्या, चुकलं त्याची क्षमा मागा, उद्याची एक गोष्ट ठरवा. उपकार पहिले का, हे मुलांना मुद्दाम सांगा. थेट चुकांपासून सुरुवात केली की ज्याला आधीच स्वतःची किंमत वाटत नाही, तो रोज रात्री स्वतःला झोडपून झोपतो. अशाला पहिला आठवडा फक्त पहिल्या दोन पायऱ्या द्या.

दुसरी गोष्ट निर्णयाची. नोकरी बदलायची, धर्मगुरू किंवा सिस्टर व्हायचं, स्थळाला हो म्हणायचं, असा प्रश्न असेल तर वहीचं पान चार रकान्यांत विभागा : हे केलं तर देवाच्या सेवेला फायदा काय, तोटा काय, हे केलं नाही तर फायदा काय, तोटा काय. दोनच रकाने करणारे फसतात, कारण 'न करण्याचे फायदे' कधी लिहिलेच जात नाहीत. पुढे तीन कल्पना : कधीही न पाहिलेल्या माणसाला याच प्रश्नावर मी काय सल्ला देईन? मरणाच्या क्षणी कुठला निर्णय घेतलेला असावासा वाटेल? आणि न्यायाच्या दिवशी?

इग्नातींचा एक नियम मात्र भिंतीवर लावण्यासारखा आहे. मन कोरडं, उदास, देव दूर गेल्यासारखं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थना थोडी वाढवायची आणि थांबायचं. शिबिराच्या शेवटच्या रात्रीच्या उमाळ्यात घेतलेल्या मोठ्या शपथांनाही हेच लावावं, असं माझं मत. तीन आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा विचारा.

आमच्याकडे शास्त्रवाचनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वापरतात. जुन्या भाषांतरात अडखळणाऱ्यांसाठी गटात एक प्रत ठेवा.

समुपदेशन_पुणे

वरचं सगळं चांगलं आहे, पण एक फरक चारही रविवार डोक्यात ठेवा. 'मला किंमत नाही' हा विश्वासाचा प्रश्न असू शकतो आणि आजाराचं लक्षणही असू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास असणं, झोप उडणं किंवा झोपूनच राहणं, जेवण तुटणं, आवडीच्या गोष्टीतही मन न लागणं, 'मी ओझं आहे' किंवा 'मी नसतो तर बरं' अशी भाषा. यातलं काही एकत्र दिसलं तर वचन देऊन घरी पाठवू नका. घरच्या एका विश्वासाच्या माणसाला घेऊन डॉक्टरकडे. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येतं. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

शास्त्रातला आधार हवा असेल तर १ राजे १९. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, मी माझ्या पूर्वजांहून चांगला नाही म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याची सुरई, पुन्हा झोप. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवण. प्रवास त्याच्यानंतर. होरेबला पोचल्यावर देव विचारतो, इथे काय करतोस? एकच प्रश्न दोनदा, आणि एलीया दोन्ही वेळा तेच रडगाणं गातो. ते शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर पंधराव्या वचनात काम मिळतं : तिघांचा अभिषेक. त्यांतला अलीशा त्याच्याच जागी येणारा. आणि अठराव्यात कळतं की 'मी एकटाच उरलो' हेही खरं नव्हतं, सात हजार शिल्लक होते. ही चुकीची माहिती देव सगळ्यांत शेवटी दुरुस्त करतो. आपले लोक तिथूनच सुरुवात करतात : असं कसं म्हणतोस, तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं आहेत!

लग्न न जमणाऱ्या मुलींविषयी : सगळ्यांसमोर त्यांच्या 'स्थळासाठी प्रार्थना' घेऊ नका. किंमतीवरच्या अभ्यासातच त्यांची किंमत लग्नावर येऊन थांबते. १ करिंथ ७ मध्ये पौल अविवाहित राहणं हेही दान म्हणतो. हे मुलींपेक्षा त्यांच्या आयांच्या महिला मंडळात एकदा शिकवा, उपयोग जास्त होईल.

केडगाव_लाईन

एक विषय सगळ्यांनी बाजूने नेला. आपल्या जिल्ह्यातल्या मंडळ्या बहुतांशी महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्या आजोबा-पणजोबांना 'देवाचं प्रतिरूप' (उत्पत्ती १:२६-२७) हे कानांवर पडलं ते पाणवठा बंद असण्याच्या काळात. त्या काळच्या मिसर-बाबेलकडे देवाची प्रतिमा म्हणायचे ते राजाला. उत्पत्ती ते पद नर-नारी सगळ्यांना देऊन टाकते. आणि पाप शिरल्यावरही ते काढून घेतलेलं नाही : जलप्रलयानंतर उत्पत्ती ९:६ मध्ये खुनाला बंदी याच कारणाने, आणि याकोब ३:९ मध्ये शिवी द्यायला बंदीही याच कारणाने. ही तीन वचनं पहिल्या रविवारी मार्कच्या आधी पाच मिनिटांत घ्या. 'मी पापी, मी किडा' एवढंच ऐकत वाढलेल्यांना गरज आहे.

आता अवघड भाग. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला, ख्रिस्ती लोकांना अजून नाही. त्यामुळे घरोघर कागदावर एक धर्म आणि मंडळीत दुसरा असं चालतं, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना ते आतून कुरतडत असतं. 'ख्रिस्तात मी कोण' म्हणून हात वर करायला लावलेत तर ही मुलं कोपऱ्यात सापडतील. कोणालाही यावर सर्वांसमोर बोलायला लावू नका, आणि बाहेरून न्यायाधीशही बनू नका. एकट्याने विचारलं तर ऐकून घ्या. गलती ३:२६-२८ (ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद नाही) वाचाल तेव्हा मंडळीतल्या सोयरिकी कशा ठरतात हा प्रश्न कोणीतरी काढेल. काढू द्या, उत्तर कमिटीकडे मागा.

क्रमाचा एक जुना दाखला आपल्या शेजारीच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आधी अन्न आणि निवारा, मग अक्षरओळख, मग हातात काम : विणकाम, शेती, छापखाना. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं भाषांतर त्याच मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी छापलं. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण बाहेर आलं. ज्यांना घरांनी टाकलं होतं त्यांच्या हातांनी शास्त्राच्या छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवले. चौथ्या रविवारी हे दोन मिनिटांत सांगा, ताणू नका.

शब्बाथशाळा_मास्तर

केडगावकरांची दुरुस्ती मान्य. पहिल्या रविवारी त्या तीन वचनांना जागा करायला सगळ्यांतल्या चर्चेची पाच मिनिटं कापा, लिहिण्याची कापू नका.

सचिव, चौथ्या रविवारी एक वचन हमखास निघेल : कलस्सै ३:२३, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. कॉल सेंटर, डिलिव्हरी, दुकानातली नोकरी हेही पाचारण होऊ शकतं, हे सांगायला ते योग्यच आहे. पण बावीसपासून वाचा, ते दासांना लिहिलंय, आणि ४:१ मध्ये धन्यांनाही खडसावलंय की न्यायाने वागा. १ करिंथ ७:२१ मध्ये दासाला मोकळं होता आलं तर संधी घे असंही म्हटलंय. बारा तास राबवून पगार थकवणाऱ्या मालकाकडे 'प्रभूसाठी म्हणून' टिकून राहा, असा सल्ला या वचनातून काढू नका. नोकरी बदलणारा पोरगा पाचारणातून पळालेला नसतो.

संघसचिव_नगर

सगळं वहीत उतरवलं. शेवटचं एक : पाळकसाहेबांनी चारही रविवार बसावं का? त्यांची इच्छा आहे.

खिळेमोळे

पहिल्या आणि चौथ्या रविवारी बसू द्या, सुरुवातीच्या प्रार्थनेला आणि कामं नेमताना. मधल्या दोन्हींत नको. लूक १५ वर बोलताना पाळक समोर असले की सगळेच धाकटे होतात, थोरला कोणी कबूल होत नाही. आणि सहा आठवड्यांनंतरच्या वीस मिनिटांच्या बैठकांच्या तारखा चौथ्याच रविवारी कॅलेंडरवर लिहून टाका, त्यांच्या सहीनिशी. नंतर लिहू म्हटलं की नाताळची तयारी सुरू होते आणि राहून जातं.